हे यंत्र बंद करू नये

इचलकरंजीच्या सुवर्णाबाई वरुटे यांना स्वरयंत्र नव्हते. तथापि त्यांच्याइतके तत्पर बोलणारे माणूस त्या गल्लीत दुसरे नव्हते.

सन २०४३ च्या भाद्रपदातील एका सकाळी वरुटे यांच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात एक गृहस्थ पिशवीत लॅपटॉप घेऊन आले. सुवर्णाबाई नेहमीप्रमाणे गल्ल्यावर होत्या. गळ्याभोवती चार बोटे रुंदीची काळी पट्टी, आणि पदराला ब्रोच लावावा तसा लावलेला लहानसा ध्वनिक्षेपक.

"पाण्यात पडला का हो?" त्यांनी विचारले.

"न्हाई वहिनी, जरा ओल लागलीया."

सुवर्णाबाईंनी लॅपटॉप तिरका केला. टेबलावर धार लागली. "ओल? आतनं मासा निघाला तर कालवण तुमच्या घरी करायचं का आमच्या?"

"अगं, गिऱ्हाईक आहे ते," आतून त्यांचे यजमान दिगंबर म्हणाले.

"म्हणून तर विचारलं. पाहुणा असता तर न विचारताच केलं असतं."

गृहस्थ इतके हसले, की दुरुस्ती होणार नाही असे कळल्यावरही ते चहा घेऊनच गेले. विनोद हा तव्यावरच्या भाकरीसारखा असतो. वेळेत उलटला तरच फुगतो. सुवर्णाबाईंना ती वेळ उपजत साधलेली होती, आणि अठ्ठावीस वर्षांचा त्यांचा संसार बहुतांशी याच उलटसुलट बोलण्यावर उभा होता. दिगंबर हा मुळात मितभाषी मनुष्य. तो एक वाक्य टाकी आणि उत्तराची वाट पाही, आणि उत्तर त्याचे वाक्य संपण्याच्या आतच येऊन पोहोचलेले असे.

नऊ वर्षांपूर्वी कर्करोगामुळे सुवर्णाबाईंचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले. त्यानंतरचे सहा आठवडे त्या भिंतीकडे तोंड करून बसून होत्या. दिगंबरने त्यांना तसे पूर्वी कधी पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहण्याची त्याच्यात शक्ती नव्हती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व अनर्थाचे मूळ तिच्यात आहे.

आपण बोलू लागलो की हनुवटीखालच्या आणि गळ्याच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत्-लहरी उठतात. स्वरयंत्र गेले तरी त्या उठतच राहतात. वासरू दगावले तरी गाईला पान्हा फुटावा, तसे. गळपट्टी त्या लहरी टिपून आतल्या खोलीतील संगणकाकडे पाठवी, आणि संगणकातील प्रणाली त्यांवरून शब्द ओळखून तो सुवर्णाबाईंच्याच आवाजात उच्चारी. हा आवाज शस्त्रक्रियेपूर्वी अकरा दिवस ध्वनिमुद्रित करून ठेवलेला होता. वर्तमानपत्र वाचा, असे त्यांना सांगण्यात आले होते. दोन दिवस त्यांनी वाचले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ह्यात मी कुठं आहे? मी भाजीवालीशी भांडते, ते घ्या." त्याप्रमाणे तेही घेण्यात आले.

हे सर्व काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत व्हावे लागे. एकट्या प्रोसेसरकडून ते होण्यासारखे नव्हते. प्रोसेसर म्हणजे एकच हुशार कारकून. एकामागून एक काम तो फार वेगाने उरकतो, पण हात दोनच. ग्राफिक्स कार्डात मात्र हजारो साधे कारकून एकाच वेळी आकडेमोड करीत असतात. मुलांच्या खेळांतील चित्रे रंगविण्यासाठी जन्मास आलेले ते कार्ड वरुट्यांच्या घरात एका बाईचा आवाज होऊन राहिले होते.

परंतु दरम्यान जग बदलले होते.

इचलकरंजीच्या माणसास हे समजणे अवघड नाही. जॅकार्ड मागाची नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असते, आणि एका घडणीच्या मागाचे पुठ्ठे दुसऱ्या घडणीच्या मागास बसत नाहीत. प्रोसेसरचेही तसेच आहे. तो कोणत्या आज्ञा समजतो हे त्याच्या रचनेत ठरून गेलेले असते, आणि प्रणाली त्याच आज्ञांत विणलेली असते. जुनी रचना एका परदेशी कंपनीच्या मालकीची होती. इतरांनी परवाना घ्यावा, शुल्क भरावे आणि तशा चिपा बनवाव्यात, असा शिरस्ता होता. पुढे मालकांनी शुल्क वाढविले, आणि त्याही पुढे परवाने देणेच बंद केले. तेव्हा चिपा बनविणारे सारे जण एका मुक्त रचनेकडे वळले. तिचा कोणी मालक नव्हता. नवी यंत्रे स्वस्त आली, गरिबाच्या मुलास संगणक मिळाला. यात वाईट काही झाले असे कोणी म्हणू शकणार नाही.

मात्र जुने पुठ्ठे नव्या मागाला बसेनात. ज्या प्रणालींचे मूळ लेखन शाबूत होते, त्या नव्याने विणल्या गेल्या. सुवर्णाबाईंचा आवाज तयार करणारी कंपनी सहा वर्षांपूर्वी बुडाली होती, आणि मूळ लेखन कोणाजवळ राहिले हे तिच्या नोकरांनाही सांगता येत नव्हते. उरली होती ती विणून झालेली प्रणाली, आणि ती चालविणारे एकुलते एक कार्ड.

जुन्या रचनेबरोबर या प्रकारची कार्डे बनणेही थांबले होते, आणि त्यांना आता सोन्याचा भाव आला होता. लोक ती बँकेच्या लॉकरमध्ये पाटल्या-बांगड्यांशेजारी ठेवीत. दिगंबरच्या उरात सलणारी गोष्ट अशी, की पंधरा वर्षांपूर्वी त्याने तसलीच पोतेभर कार्डे भंगारवाल्यास वजनावर घातली होती. त्या पैशांतून घरी मिक्सर आला. तो मिक्सर अजून चालू होता, आणि तो फिरू लागला की दिगंबर स्वयंपाकघरातून उठून बाहेर येई.

त्यांची कन्या केतकी बेळगावला नव्या रचनेच्या चिपांची चाचणी घेण्याच्या कामावर होती. ती फोनवरून आईची मनधरणी करी.

"आई, नवीन आवाज घे ना. फुकट मिळतो. किती गोड आहे, ऐकशील तर."

"गोड आहे म्हणूनच नको. शेजारणी म्हणतील, वरुट्यानं दुसरी आणली."

"मग हेच यंत्र बंद पडलं म्हणजे?"

"तुझा बाप आहे की. दुनियेची दुरुस्त करतोय, घरचं एक करायचा नाही?"

दिगंबरने हे ऐकले आणि हातातील स्क्रू-ड्रायव्हर उगीचच पुसला. कारण जे तो जाणत होता, ते त्याने पत्नीस सांगितले नव्हते.

ग्राफिक्स कार्डाची मुख्य चिप शेकडो बारीक टाक्यांवर उभी असते. हे टाके कथिलाचे, मोहरीच्या दाण्याहून लहान. चिप तापली की ते प्रसरण पावतात, निवली की आकसतात. वर्षानुवर्षे असे होता होता त्यांना तडे जातात. ऊब आहे तोवर तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या राहतात आणि काम चालते. एकदा का कार्ड थंड झाले, की कडा सुटतात आणि पुन्हा टेकतीलच असे नाही. हे कार्ड दोनदा असे मेले होते, आणि दिगंबरने गरम हवेने टाके वितळवून दोनदा त्यास उठविले होते. दुसऱ्या वेळेस भिंगाखाली त्याने पाहिले, की चिपेखालचा तळ सोलपटला आहे. तिसऱ्या वेळेस उठविणे होणार नव्हते. म्हणून तीन वर्षे ते यंत्र अहोरात्र चालू होते. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर दमला तर छपरावरचे सौर-पत्रे. त्याची बारीक घरघर घराच्या श्वासासारखी झाली होती.

मात्र वर्षातून एक दिवस मोठा कठीण येई. तो खंडेनवमीचा.

सुवर्णाबाई विणकराच्या घरात वाढलेल्या. त्यांच्या वडिलांचा माग वर्षभर खडखडत असे, पण खंडेनवमीस तो बंद म्हणजे बंद. त्या दिवशी माग पुसायचा, त्यास हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायची. यंत्र आपल्यासाठी राबते, त्यास एक दिवस विसावा द्यायचा. त्या दिवशी यंत्र चालविणे म्हणजे दमलेल्या बैलास पराणी मारणे, असे वडील म्हणत. म्हणून सुवर्णाबाई त्या दिवशी गळपट्टी काढून ठेवीत. त्याला सुट्टी तर मलाही सुट्टी, असा हिशोब असे. मागील तीन वर्षे दिगंबरने यंत्राचा फक्त तांबडा दिवा विझविला होता, त्यावर जाड चादर टाकली होती, आणि बाजूस मुद्दाम टेबलफॅन लावून ठेवला होता, की घरघर ऐकू येऊ नये. सुवर्णाबाईंनी तीन वर्षे चालत्या यंत्रास माळ घातली. खरे सांगावे असे त्यास प्रत्येक वेळी वाटे. पण सांगायचे म्हणजे, तुझा आवाज तुटक्या टाक्यांवर उभा आहे, असे सांगायचे. आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे ती भिंतीकडील पाठ येई.

त्या वर्षी नवमीच्या सकाळीच बाहुबली शिरगुप्पे यांचा फोन आला. शिरगुप्पे हे चाळीस मागांचे मालक. त्यांच्या नक्ष्यांचा संगणकही जुन्या रचनेचा, कार्डही त्याच जातीचे, आणि टाकेही तसेच तडकलेले.

"अहो वरुटे, लगीच या. पोरं पूजेसाठी सगळं बंद करायला लागल्यात. तुमी तर म्हणला हुता, बंद करू नका म्हणून. माझं कोण ऐकतंय?"

"हात लावू देऊ नका. आलोच."

सुवर्णाबाई परातीत झेंडू निवडत होत्या. त्यांनी गळपट्टी अद्याप काढली नव्हती.

"सणाच्या दिवशी निघालात कुठं?"

"शिरगुप्प्यांकडे. तासाभरात येतो. पूजा मी आल्यावर करू."

"तास तुमचा का त्यांचा? मुहूर्त माझ्यासाठी थांबायचा नाही हं."

ते त्या आवाजातील वेळेवर आलेले अखेरचे वाक्य ठरेल, हे त्यास तेव्हा कळले असते तर तो उंबऱ्यावरून परत फिरला असता. तो फक्त "आलोच गं" एवढे म्हणाला.

कारखान्यात त्याने कामगारांस समजावून सांगितले. टाके, तडे, ऊब, सर्व काही. त्यांनी समजुतीने माना डोलावल्या. मग त्याने एक पुठ्ठा मागवून जाड मार्करने, सुवाच्य अक्षरात लिहिले, 'हे यंत्र बंद करू नये. पूजा चालू स्थितीत करावी.' पाटी यंत्राच्या माथ्यावर चिकटविली आणि चार पावले मागे सरून ती नीट वाचता येते की नाही, हेही पाहिले. शिरगुप्प्यांनी आग्रहाने जिलेबी खाऊ घातली. तासाचे अडीच तास झाले.

घरात पाऊल टाकताच त्यास धुपाचा वास आला, आणि लगोलग दुसरे काहीतरी जाणवले. घर श्वास घेत नव्हते.

आतल्या खोलीत यंत्रावर रेखीव स्वस्तिक काढलेले होते. झेंडूची टपोरी माळ होती. वीस वर्षे दुकान सांभाळलेल्या बाईस कोणते बटण कशाचे, हे शिकवावे लागत नाही. त्यांनी मुख्य बटण बंद केले होते आणि इन्व्हर्टरही. टेबलफॅनदेखील बंद करून त्याला कुंकवाचे बोट लावले होते. त्या मोकळ्या गळ्याने उभ्या राहून हसल्या, दोन्ही तळवे गालाखाली घेऊन मान तिरकी केली. यंत्र झोपले आहे, निजू द्या.

दिगंबरने यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवला. गार होता.

त्याने त्या दिवशी बटण दाबून पाहिले नाही. मेलेले आहे हे पाहण्यापेक्षा झोपले आहे असे एक दिवस मानणे त्यास बरे वाटले. दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पाने देऊन सुवर्णाबाईंनी गळपट्टी बांधली आणि ओठ हलविले. काही आले नाही. पुन्हा हलविले. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, आणि दिगंबर म्हणाला, "कार्ड गेलं वाटतं. वय झालं होतं त्याचं. आज नाही तर उद्या जायचंच होतं."

आठ दिवस त्याने त्या कार्डावर घालविले. गरम हवा दिली, भिंगाखाली डोळे शिणविले. नवव्या दिवशी तो शिरगुप्प्यांकडे गेला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"तुमचं कार्ड मागायला आलोय."

शिरगुप्पे काचेपाशी गेले. काचेपलीकडे चाळीस माग चालले होते. "वैनींचा आवाज म्हंजे," ते शेवटी म्हणाले, "आमी सुदा ऐकलाय की. न्या. मी चार दिवस माग बंद ठेवतो, काय तरी बगतो."

दिगंबर यंत्रापाशी गेला. माथ्यावर त्याच्याच हस्ताक्षरातील पाटी होती. कार्ड काढायचे म्हणजे यंत्र बंद करायचे, आणि बंद केले की ते निवणार. कदाचित घरी पोहोचेतोवर दोन्ही घरे मुकी होणार, हे त्या साऱ्या कारखान्यात त्याच्याइतके कोणास उमगले नव्हते. त्याने पाटीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसविला.

"राहू द्या," तो म्हणाला. "हे निघायचं नाही."

दिवाळीत केतकी आली. तिने नव्या रचनेचे यंत्र आणले आणि त्यात दुभाषी प्रणाली बसविली. दुभाषी म्हणजे जुनी प्रत्येक आज्ञा वाचून ती नव्या भाषेत सांगणारी. प्रोसेसरच्या आज्ञा ती सहज सांगे. पण जुन्या कार्डाची स्वतःची भाषा त्याच्या निर्मात्यांनी कधी प्रसिद्ध केली नव्हती. ती अंदाजाने, नक्कल करून सोडवावी लागे, आणि त्यात वेळ जाई.

"चार सेकंद लागतात, पप्पा," केतकी खालच्या आवाजात म्हणाली. "मी पुष्कळ खटपट केली. याच्या खाली येत नाही."

"आवाज?"

"आवाज आईचाच आहे. तसाच्या तसा."

तसाच्या तसा होता. म्हणूनच तो ऐकवत नव्हता. दुकानात गिऱ्हाईक विचारी, "वहिनी, बरं आहे ना?" उत्तर येत नाही असे पाहून ते दुसरे काही विचारी, आणि मग पहिल्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर येऊन पडे. "चार्जर मिळेल का?" "बरं आहे, तुमचं कसं?" लोक समजूतदारपणे हसत, आणि ते समजूतदार हसणे सुवर्णाबाईंच्या चेहऱ्यावर चरा काढून जाई. एकदा त्यांनी कोणाची तरी थट्टा केली. ती आवाजातून बाहेर पडली तेव्हा तो मनुष्य रस्त्यावर पोहोचला होता. त्यानंतर त्या गल्ल्यावर बसेनाशा झाल्या.

कार्तिकात शिरगुप्पे समाचारास आले. भला मनुष्य, दिगंबरबद्दल चार चांगले शब्द बोलावेत म्हणून ते म्हणाले, "वैनी, तुमच्या मालकांसारखा कारागीर न्हाई. नवमीला सण सोडून आले, पोरांस्नी समजावलं, पाटी लिवून दिली. बंद करू नये म्हणून. न्हाईतर आमचंबी गेलंच हुतं."

ते गेल्यावर दिगंबर कपबशा उचलू लागला. सुवर्णाबाईंचे ओठ हलले. नऊ वर्षांत त्याने त्यांचे ओठ वाचणे कधी शिकून घेतले नव्हते. गरजच पडली नव्हती.

"काय म्हणतेस?" त्याने विचारले. "जेवायला वाढू का?"

मग आवाज आला. "त्यांना पाटी लिहून दिलीत. मला नाही."

तो कपबशा हातात घेऊनच खाली बसला.

"तू घाबरशील म्हणून," तो म्हणाला, आणि या वेळी पुढे काही न बोलता थांबला. त्यांचे ओठ हलले. खोलीत नवे यंत्र अगदी निःशब्द चालत होते.

"मी कॅन्सरला घाबरले नाही. टाक्यांना घाबरले असते?"

त्याने कपबशा जमिनीवर ठेवल्या. सुवर्णाबाईंचे ओठ पुन्हा हलले.

"माझ्या हातानं केलंत तुम्ही ते."

त्या हिवाळ्यात दिगंबर हळूहळू थांबावयास शिकला. एक वाक्य बोलावे, आणि हात मांडीवर ठेवून चार सेकंद त्यांच्या तोंडाकडे पाहावे. प्रथम हे त्यास शिक्षेसारखे वाटे. पुढे ओठांची काही वळणे ओळखू येऊ लागली. 'चहा'. 'केतकी'. 'पुरे'. आवाज येण्याआधीच तो उठून चहा ठेवी, आणि मागून, रिकाम्या जागेस उद्देशून, आवाज येई, "चहा ठेवा." तेव्हा सुवर्णाबाई कधी कधी किंचित हसत. पूर्वीचे ते दोघे काही परत आले नाहीत.

वर्ष उलटले. खंडेनवमी आली.

सुवर्णाबाईंनी पाटावर लाल वस्त्र अंथरले आणि दुकानातील हत्यारे मांडली. स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, भिंग, कथिलाचा डाग देण्याची सोल्डरिंग-सळई. सर्वांच्या अग्रभागी त्यांनी ते मेलेले कार्ड ठेवले, त्यास हळदकुंकू वाहिले, आणि त्याच्या पंख्यावर एक तुळशीचे पान ठेवले. मग नव्या यंत्रापाशी जाऊन उभ्या राहिल्या. या यंत्राचे टाके धड होते. बंद केले तरी त्याचे काही बिघडणार नव्हते. हे दिगंबरने त्यांना या वेळी स्वतः, आदल्या दिवशी, नीट समजावून सांगितले होते. आता त्याच्याजवळ न सांगितलेले असे काही राहिले नव्हते.

त्याने बटणावर बोट ठेवले.

"बंद करू?"

त्यांचे ओठ हलले. दिगंबरला कळले, तरी तो थांबला. हातातील माळेतून एक पाकळी गळून पाटावर पडली. निरांजनाची ज्योत वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"राहू द्या चालू," सुवर्णाबाईंचा आवाज म्हणाला.

त्याने बोट काढून घेतले.